कोकणातून लेह: सात दिवसांच्या ग्रुप टूरचं परीक्षण

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, कुठल्याही एसटी स्टँडसमोर मे महिन्यात किंवा गणपतीनंतर लेह-लडाखच्या ग्रुप टूरचे फलक दिसतात. कंपनी कोणतीही असो, कागदावरचा कार्यक्रम थोड्याफार फरकाने तोच असतो. सहा रात्री, सात दिवस. पहिल्या दिवशी विमानाने लेह आणि संध्याकाळी शांती स्तूप. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटिक हिल, संगम, पत्थर साहिब. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोरं, तिथल्या हुंडर गावी दोन रात्री. पाचव्या दिवशी श्योक नदीच्या रस्त्याने पँगाँग, तिथे तंबूत मुक्काम. सहाव्या दिवशी चांग ला चढून लेहला परत आणि ‘शॉपिंग’. सातव्या दिवशी सकाळचं विमान. हे परीक्षण या ठरलेल्या साच्याचं आहे.

निकाल आधी सांगतो. गाड्या, ड्रायव्हर आणि लेहमधली हॉटेलं यांना तक्रारीला जागा नाही. लडाखी ड्रायव्हर रस्ता आणि हवा दोन्ही ओळखतो, घाटात ओव्हरटेक करत नाही आणि माणूस गप्प झाला की आरशातून त्याच्याकडे बघतो. जेवण ठीक. दिवसांची मांडणी मात्र समुद्रकाठच्या माणसासाठी चुकीची आहे. शिवाय मध्य आशियाच्या व्यापारी वाटेवरचं एवढं जुनं शहर या कार्यक्रमात फक्त झोपण्यापुरतं येतं. या दोन्ही दोषांवर उपाय एकच आहे: सुरुवातीच्या तीन रात्री लेहमध्ये काढणं.

आधी उंची. ज्याला आपण थंड हवेचं ठिकाण म्हणतो ते आंबोली ७०० मीटरच्या आत आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आणि गाव साधारण ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी येतो. मुंबई किंवा दिल्लीहून विमानाने गेलं की हा बदल काही तासांत अंगावर येतो. शरीर तो भरून काढतं, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. रोज चालणारा, पोहणारा, तिशीतला माणूस यातून सुटतो असं नाही. उलट तोच पहिल्या दिवशी जिने चढतो आणि रात्री आडवा होतो.

पहिल्या संध्याकाळचा शांती स्तूप म्हणूनच धोक्याचा. उंचीचा त्रास बहुधा पोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. सकाळी आठला उतरलेला माणूस दुपारी चारला अगदी ठणठणीत असतो, ‘मला काही होत नाही’ म्हणत स्तूपाच्या शेकडो पायऱ्या चढतो आणि रात्री दहाला डोकं धरून बसतो. टूर मॅनेजर हे जाणतात, तरीही कार्यक्रमात पहिला दिवस रिकामा दिसला तर लोक ‘दिवस फुकट गेला’ म्हणतात या भीतीने तो भरला जातो. ही भीती ग्राहकांनीच काढून टाकायला हवी. पहिला दिवस खोलीत पडून, थोडंथोडं पाणी आणि गरम सूप पीत काढायचा. दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर तास-दीड तास फिरायचं. पहिल्या दोन रात्री दारू नको, झोपेची गोळी नको. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. पहिल्या रात्री हे अनेकांना होतं, जोडीदाराने घाबरून जायचं कारण नाही.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड ही गोळी, उंचीचा त्रास टाळण्यासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते चालत नाही, आणि रक्तदाबासाठी आधीच लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर हिशेब बदलतो. बोटांना मुंग्या येतात, सोडा पाण्याची चव बेचव लागते, लघवीला वारंवार जावं लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

कोकणातल्या ग्रुपमध्ये आणखी एक घोटाळा होतो. गाडी लागणं आपल्या ओळखीचं, त्यामुळे उलटी झाली की ‘गाडी लागली असेल’ म्हणून सोडून देतात. फरक ओळखायची सोपी खूण आहे. गाडी थांबवून अर्धा-पाऊण तास झाला की गाडी लागल्याची मळमळ ओसरते. डोकेदुखी तशीच राहिली, भूक मेली, उठून बसावंसं वाटेना, तर उंचीचा त्रास समजायचा आणि त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागतो, सतत खोकला येतो, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकताना तोल जातो, यांपैकी काहीही दिसलं तर ते गंभीर. तिथे ऑक्सिजन, डॉक्टर आणि खाली उतरणं एवढंच. लेहमधलं सरकारी सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटल अशा रुग्णांना सरावलेलं आहे. हॉटेलपासून तिथे जायला किती वेळ लागतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. ऑक्सिमीटर जरूर न्या, पण गार बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा आणि मग वाचा. पोचल्यावर ऐंशीच्या घरातला आकडा तिथे पुष्कळांचा असतो. आकड्यापेक्षा लक्षणांकडे बघा.

जाहिरातीत ‘गाडीत ऑक्सिजनची सोय’ लिहिलेलं असतं. सोय म्हणजे नक्की काय ते विचारा. दुकानात मिळणारा दहा लिटरचा हलका डबा मिनिटाला दोन लिटरने वापरला तर पाच मिनिटांत संपतो. त्याने धीर येतो, उपचार होत नाही. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर मावतो, म्हणजे त्याच वेगाने बारा तास. मास्क, फ्लोमीटर आणि किल्ली सोबत आहे का, काटा भरलेला दाखवतो का, आणि ते उघडता येणारं माणूस गाडीत आहे का, हे निघण्यापूर्वी बघून घ्यावं. सिलिंडर आहे आणि किल्ली हॉटेलात राहिली, हे प्रकार होतात.

आता या कार्यक्रमातली सर्वांत मोठी चूक. लोक घाबरतात खारदुंग लाला, कारण तिथे वर्षानुवर्षं १८,३८० फुटांची पाटी होती. प्रत्यक्षात खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट आहे. उंची मोठीच, पण तिथे आपण झोपत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून, फोटोसाठी धावपळ न करता उतरलं की पलीकडचं हुंडर ३,१०० मीटरच्या आसपास, लेहपेक्षाही खाली. त्यामुळे नुब्रातल्या रात्री बऱ्या जातात. खरा प्रश्न पँगाँगचा. सरोवर सुमारे ४,२५० मीटरवर आहे. उंचीच्या वैद्यकातला साधा नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हुंडरहून उठून संध्याकाळी सरोवरकाठच्या स्पांगमिक गावी तंबूत झोपणं म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून मोठी उडी. श्योकच्या रस्त्यावर मोठी खिंड लागत नाही, म्हणून हा मार्ग ‘सोपा’ म्हणून विकला जातो. शरीराला मात्र तोच जड जातो.

त्यात भर म्हणजे तिथे रात्री माणूस बिघडला तर लेहला उतरण्यासाठी आधी ५,३६० मीटरचा चांग ला चढावा लागतो. नाहीतर उलट नुब्राकडे, अंधारात श्योकच्या काठाने. पँगाँगची रात्र टाळावी ती यासाठी. तंबू छान असतात, चादरी स्वच्छ असतात, वाराही सहन होतो. हरकत उंचीला आहे. त्याऐवजी अलीकडच्या तांगत्से गावी मुक्काम करा. ते साधारण ३,९०० मीटरवर आहे, तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि सरोवर तासाभरावर. हुंडरहून तांगत्से हीही ८०० मीटरची उडी आहे, पण सुरुवातीला तीन रात्री लेहला दिल्या असतील तर तोवर पाच रात्री उंचीवर झालेल्या असतात. ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे लोक जास्त असतील तर नुब्राहून लेहला परत या आणि पँगाँग सकाळी सहाला निघून एका दिवसात करा. जाताना पाच तास, येताना पाच तास. थकवा येतो, पण रात्र लेहच्या गादीवर जाते.

आणखी एक पर्याय कंपन्या स्वतःहून देत नाहीत. विमानतळावरून थेट आल्ची या गावी जा. ६५-७० किलोमीटर, रस्ता उत्तम, उंची सुमारे ३,१०० मीटर. पहिल्या दोन रात्री तिथे काढल्या की लेह जड जात नाही. आल्चीच्या जुन्या गोंपातली (बौद्ध मठातली) भित्तिचित्रं सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची, काश्मिरी हाताची. ती घाईत बघण्यासारखी नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत, आणि अंधाराला डोळे सरावल्याशिवाय काही दिसतही नाही.

जेवणाकडे येऊ. ‘सोबत महाराष्ट्रीय आचारी’ हा कोकणातल्या ग्रुपसाठी मोठा मुद्दा, आणि भात हा तिथला परीक्षेचा पदार्थ. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, पँगाँगला आणखी दोनेक अंश कमी. चाळीस माणसांचा भात उघड्या टोपात लावला की पाणी खळखळ उकळताना दिसतं, आचारी समाधानाने गॅस बंद करतो आणि ताटात आलेलं शीत बोटांत दाबलं की मध्ये कणी लागते. डाळीचं तर विचारूच नका. तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा वेगळा राहतो. उपाय म्हणजे कुकर. कुकर बाहेरच्या दाबावर स्वतःचा दाब चढवतो, त्यामुळे आतलं तापमान ११४-११५ अंशांपर्यंत जातं. घरच्यापेक्षा पाच-सात मिनिटं जास्त द्यावी लागतात इतकंच. म्हणून विचारायचा प्रश्न ‘आचारी आहे का’ हा नाही, ‘दहा-बारा लिटरचे कुकर किती नेता’ हा आहे. टोपातच करायचा असेल तर तांदूळ तासभर भिजवावा, पाणी वाढवावं, झाकणावर वजन ठेवावं आणि गॅस बंद केल्यावर टोप घोंगडीत गुंडाळून अर्धा तास मुरू द्यावा. उकडा तांदूळ न्यायचाच नाही, कोलम न्यावा. चहाही कमी तापमानामुळे पुरेसा उतरत नाही; पावडर वाढवण्यापेक्षा जास्त वेळ उकळू द्या.

पहिल्या दोन दिवसांत भूक कमी असते. मऊ भात, मेतकूट, तूप हे त्या वेळी कुठल्याही पनीरपेक्षा बरं. मासे विसरा. लडाखी बौद्ध घरांत एका जेवणासाठी अनेक लहान जीव घेणं टाळतात, म्हणून मासळीचं चलनच नाही. त्यापेक्षा तिथलं खा: थुक्पा (नूडल्सचं सूप), भाज्या घातलेलं स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचं कालवण), जाड खंबीर रोटी आणि जर्दाळूचा जॅम. मीठ-लोण्याचा गुरगुर चहा सूप समजून प्यायला की आवडतो. साखरेच्या चहाच्या अपेक्षेने घोट घेतला की नाही आवडत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. कार्यक्रमपत्रिकेत लेह शहराला ‘सायंकाळी मार्केटमध्ये शॉपिंग’ एवढी एक ओळ असते. हे फार वाईट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेह ही मध्य आशियाच्या व्यापाराची मोठी पेठ होती. उत्तरेला ५,५४० मीटरचा काराकोरम पास ओलांडून यारकंदचे तांडे यायचे. नमदे, गालिचे, रेशीम, चरस. दक्षिणेकडून पंजाबातल्या होशियारपूरचे व्यापारी सुती कापड, नीळ, मसाले घेऊन चढायचे. ल्हासाकडून विटांसारखा दाबलेला चहा, चांगथांगच्या पठारावरून पश्म, म्हणजे तिथल्या बकऱ्यांची मऊ लोकर, आणि ती पश्म पुढे काश्मीरच्या हातमागांवर. बहुतेक व्यापारी पुढे जात नसत. लेहमध्ये माल बदलायचा, जनावरांना विसावा द्यायचा, खिंडी उघडण्याची वाट बघायची आणि परत फिरायचं. आंबा घाट चढून आलेला बैल मलकापूरच्या पेठेत टेकायचा, तशी ही पेठ. फक्त घाट एक महिन्याचा. १९४९ नंतर चीनकडची वाट बंद झाली आणि तांडे थांबले. १९७४ मध्ये पर्यटकांना लडाख उघडलं, तोवर गाव जवळजवळ मिटून बसलं होतं.

हे सगळं अजून पायी बघता येतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, शरीर जरा सरावल्यावर, बघावं. मेन बाजारात वाहनं येत नाहीत. वरच्या टोकाला जामा मशीद आहे, मूळची सतराव्या शतकातली. तिच्या मागच्या गल्लीत, चुटे रंटाकमध्ये, तंदूरवाल्यांची रांग. सकाळी सातला या. भट्टी जमिनीत पुरलेली, तिचं तोंड तेवढं वर. भट्टीवाला पिठाचा गोळा थापतो, बोटांनी त्यावर खळगे पाडतो, पाण्याचा हात फिरवून उशीसारख्या गादीवर ठेवतो आणि वाकून आतल्या भिंतीवर चिकटवतो. दोन-तीन मिनिटांत लोखंडी आकड्याने रोटी बाहेर येते: कडा फुगलेल्या, मधला भाग पातळ, पाठीला भट्टीच्या मातीची किंचित चव. गावातले लोक दहा-पंधरा रोट्या फडक्यात बांधून घरी नेतात. तुम्ही दोन घ्या, लोणी मागा आणि गरम असतानाच खा. तासाभराने तीच रोटी चिवट होते.

तिथून चालत पाच मिनिटांवर त्सास सोमा. इथे पूर्वी तांडे उतरायचे. आता तिथे सेंट्रल एशियन म्युझियम आहे, दगडी बुरुजासारखी इमारत, बाजूला छोटी जुनी मशीद. व्यापारी घराण्यांकडे राहिलेल्या वस्तू इथे आहेत. यारकंदी बाप आणि लडाखी आई यांच्या वंशजांना लेहमध्ये अर्गोन म्हणतात. पेठेचा बराचसा व्यवहार याच घराण्यांनी सांभाळला. ती वस्ती बघितल्यावर बाजारातले चेहरे वेगळे दिसू लागतात. पुढे गल्ल्या चढत राजवाड्याकडे जा. वाटेत लॅमो ही संस्था लागते. तिने राजवाड्याखालची दोन जुनी घरं दुरुस्त करून तिथे प्रदर्शनं आणि ग्रंथालय मांडलं आहे. राजवाडा नऊ मजली, सतराव्या शतकात सेंगे नामग्यालच्या काळात बांधलेला. आत अंधार आहे, उंबरठे उंच आहेत आणि चौकटी ठेंगण्या. टॉर्च न्या, कपाळ सांभाळा. प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबा. वरून गावाची रचना एका नजरेत कळते: वाड्याच्या पायथ्याला मातीच्या विटांची सपाट छपरं, मग मशीद आणि बाजार, पलीकडे हिरवी शेतं आणि सिंधूच्या पार स्तोकचे डोंगर. सगळं सावकाश केलं तर साडेतीन-चार तास. दुपारी बाजाराच्या कडेला गावोगावच्या बायका भाजी, सुके जर्दाळू, याकच्या दुधाचं वाळवलेलं छुर्पी घेऊन बसतात. जर्दाळू त्यांच्याकडून घ्या, दुकानातल्या डब्यांपेक्षा ताजे असतात.

पश्मिन्याबद्दल थोडं. अंगठीतून शाल ओवून दाखवणं हा पुरावा नाही, पातळ व्हिस्कोजही ओवली जाते. धागा जाळल्यावर केसासारखा वास आला तर तो लोकरीचा आहे एवढंच कळतं, पश्म की मेंढीची लोकर ते कळत नाही. मोठी शाल अगदी स्वस्त मिळत असेल तर ती पश्म नव्हे. लडाखी बायकांच्या सहकारी दुकानांत हातमागाचा माल, विणणारीच्या नावासकट मिळतो. दर चढे, पण वस्तू खरी.

वेळ आणि पैसा असेल तर आमची पसंती विमानापेक्षा श्रीनगरच्या रस्त्याला. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, तिथे एक रात्र. मग झोजी ला (३,५२८ मीटर) ओलांडून कारगिल, २,६७६ मीटर, दुसरी रात्र. मग फोटू ला (४,१०८ मीटर) करून लामायुरू, आल्ची आणि लेह. सुमारे ४२० किलोमीटर दोन दिवसांत, आणि शरीर वाटेतच तयार होतं. जाताना रस्ता, येताना विमान. उलटं केलं तर या रस्त्याचा फायदा वाया जातो. कारगिलमध्ये मुन्शी अझीझ भट म्युझियम चुकवू नका. तिथल्या जुन्या सराईत सापडलेला तांड्यांचा माल, खोगिरं, कापड, परदेशी साबण, बटणं एका कुटुंबाने जपून मांडली आहेत. श्रीनगरपर्यंत आता रेल्वेही आहे. २०२५ च्या जूनमध्ये कटरा ते श्रीनगर गाडी सुरू झाली, आणि वाटेतला नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच चिनाब पूल उभारण्याचं काम आपल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे होतं. तो बघताना अभिमान वाटतोच. मनालीचा रस्ता मात्र जाताना घेऊ नये, कारण वाटेतला सरचूचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर पडतो.

कधी जावं? मे महिना आपल्या सुट्ट्यांचा, पण उंचावर बर्फ असतो आणि पँगाँगच्या रात्री कडक. जुलैत इथे लावणी, तिथे गर्दी. गणपती विसर्जनानंतर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ कोकणातल्या माणसासाठी सर्वांत चांगला: आकाश स्वच्छ, शेतात बार्लीची कापणी, झाडावर सफरचंद, हॉटेलं रिकामी होऊ लागलेली. रात्री शून्याजवळ जातात, तेवढी तयारी ठेवा.

पण याच काळात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाड्यांचा वेग कमी, वेळा वेगळ्या, दरड आली तर आणखी उशीर. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत किंवा दिल्लीत पोचलेलं बरं. दक्षिण सिंधुदुर्गातल्यांना गोव्याचं मोपा विमानतळ जवळ पडतं. परतीलाही मोकळा दिवस हवा. लेहची विमानं बहुतेक सकाळची, कारण दुपारी वारा वाढतो आणि तापलेली विरळ हवा आणखी विरळ होते. पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो. २०२४ च्या जुलैअखेरीस लेह तापलं आणि काही दिवस विमानं रद्द झाली. ज्या ग्रुपचं त्याच रात्री दिल्लीहून रेल्वे आरक्षण असतं, त्यांचं आरक्षण अशा वेळी हातचं जातं.

फोन: बाहेरच्या राज्यांची प्रीपेड कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच चालतात. आपल्याकडे बहुतेकांचं प्रीपेड, म्हणजे घरी फोन नाही आणि बँकेचा ओटीपीही नाही. प्रत्येक कुटुंबात एक तरी नंबर निघण्यापूर्वी पंधरा दिवस पोस्टपेड करून घ्या आणि रोख जवळ ठेवा. नुब्रा-पँगाँगला तीच चालते. पाणी: लेहला वर्षाकाठी पाऊस साधारण १०० मिलिमीटर, रत्नागिरीत जुलैतला एखादा दिवस तेवढा देऊन जातो. तिथे पाणी वितळलेल्या बर्फाचं आणि जमिनीखालचं. एका बादलीत आंघोळ करावी, ही विनंती. प्लास्टिकची बाटली न घेता हॉटेलातलं उकळलेलं पाणी भरून घ्या. कोरड्या हवेने ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. झोपताना नाकात खोबरेलाचं बोट फिरवलं की थांबतं. पण खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते बाहेरच येत नाही. रुंद तोंडाच्या डबीत न्या. कोकम आगळाची बाटली गळ्यापर्यंत भरू नका. विमानात दाब कमी झाला की झाकणातून आगळ बाहेर येतं आणि कपड्यांवरचा तो डाग जन्मात जात नाही.

अ‍ॅडव्हान्स देण्यापूर्वी कंपनीकडून प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं गाव लेखी घ्या. ‘पँगाँग कॅम्प’ एवढंच लिहिलेलं असेल तर स्पांगमिक, मान की मेराक ते विचारा, आणि त्या जागी तांगत्से करून मागा. पहिल्या तीन रात्री लेह किंवा आल्ची, पहिल्या दिवशी काहीही नाही, तिसऱ्या सकाळी पायी जुनं गाव. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर बहुतेक कंपन्या हे बदल करून देतात, एखादा दिवस वाढतो आणि त्याचे पैसे पडतात. ‘आमचा कार्यक्रम ठरलेला आहे, आजवर कुणाला काही झालं नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.